स्पीकरची घरघर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. दादाजवळ तर नाहीच — आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या वहिनीजवळही नाही. दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी गेल्या माघात गेल्या. म्हणजे ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती ती दोन्ही माणसं गेली, आणि मग ह्याला कंठ फुटला — असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ते खरंच आहे. पण आता तोंड उघडलंय, तर अर्ध्यावर थांबणार नाही. जे केलं ते सगळं सांगणार, आणि जसं केलं तसंच सांगणार.

गोष्ट एका रेडिओची आहे. खरं म्हणजे त्याच्या स्पीकरची. एवढ्याशा वस्तूपायी माणूस किती खाली उतरू शकतो? मीही हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर नको असायचं, म्हणून विचारून सोडून द्यायचो.

आमचं घर मुळशी तालुक्यात, रिह्याच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर. चार खाचरं भाताची, दोन बैल, एक म्हैस. वडील लवकर गेलेले. दादा माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. तो पलटणीत भरती झाला आणि त्याच्या पगारावर मी पुण्याला शिकलो. घरी राहिल्या दोघी — आई आणि वहिनी. मूलबाळ तोवर नव्हतं. दादा वर्षातून एकदा रजेवर यायचा, आणि एका रजेत येताना रेडिओ घेऊन आला. त्याच्या पलटणीतल्या कुणा साहेबाची बदली झाली होती, त्याच्याकडून घेतलेला. लाकडी पेटीचा, चांगला उशीएवढा. विजेवर चालायचा आणि बॅटरीवरही चालायचा. वीज आमच्याकडे कुठली? धरणाच्या पाण्यावर घाटाखाली वीज व्हायची आणि ती मुंबईला जायची. आमच्या घरात रॉकेलची चिमणी.

दादानं तो सेट ओसरीवरच्या कोनाड्याशेजारी फळी ठोकून त्यावर ठेवला. जाताना म्हणाला, "घर बोलतं राहील." एवढंच. तो जास्त बोलणारा माणूस नव्हता.

आणि घर बोलतं राहिलं. पहाटे भक्तिगीतं लागायची, तेव्हा वहिनी म्हशीखाली बसलेल्या असायच्या. दुपारी शेतीचा कार्यक्रम, संध्याकाळी बातम्या. आईला कमी ऐकू यायचं, पण ती फळीखाली भिंतीला टेकून बसायची आणि शेजारच्या बायका आल्या की "आमच्या नारायणानं आणला" म्हणायची. वहिनी चुलीपाशी. चुलीपासून ओसरी दिसत नाही, मधे भिंत. पण आवाज जायचा. भाकरी थापताथापता त्या बातम्या ऐकायच्या, आणि पलटणीचा, सरहद्दीचा शब्द आला की हात थांबायचा. मी हे पाहिलंय. परातीवरचा हात थांबायचा आणि शब्द सरला की पुन्हा चालू व्हायचा.

त्या रेडिओत एक दोष होता. स्पीकरच्या आत जाड काळ्या कागदाचा शंकू असतो. तो थरथरतो म्हणून आवाज होतो. आमच्या स्पीकरचा तो कागद जुना होऊन कडेला चिरला होता. चीर बोटाच्या पेराएवढी. त्यामुळे कुणी खर्जात बोललं, किंवा तबल्याच्या डग्ग्यावर घुमारा आला, की आतून घर्रर्र असा बारीक आवाज यायचा. डबीत माशी अडकावी तसा.

आता माझं सांगतो. मी पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात काम शिकत होतो. आणि मला कान होता. ही बढाई नाही — तो होता म्हणूनच तर हे सगळं झालं. सेट लावला की कुठं काय बिघडलंय ते मला पेटी उघडायच्या आधी कळायचं. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या हे ध्यानात आलं. लेले त्यांचं नाव. कॉलेजात शिकवायचे, गाण्याचे शौकीन. त्यांनी मला घरी बोलावलं, स्वतःचा स्पीकर ऐकवला, विचारलं, "काय कमी वाटतं?" मी सांगितलं. ते थक्क झाले. तिथून त्यांच्या मंडळींत माझी ऊठबस सुरू झाली. चारपाच जण जमायचे. कुठला स्पीकर वरच्या सुरात फाटतो, कुठल्या पेटीत आवाज कोंडतो, ह्यावर तासन्‌तास चर्चा. मी, वाडीवरचा पोरगा, बोलताना चुकून "न्हाई" निघालं तर जीभ चावणारा — मला ते लोक मान देऊन ऐकायचे. तुम्हाला कधी अशा लोकांनी ऐकलंय, ज्यांनी ऐकावं असं तुम्हाला फार वाटत होतं? मग तुम्हाला माझी तेव्हाची गत कळेल. कळली म्हणून ती क्षम्य होत नाही.

एकदा लेले म्हणाले, मुळशीचं धरण पाहायचंय, वाटेत तुझ्या घरी येतो. आले. आईनं चहा केला, वहिनींनी पोहे दिले. आणि रेडिओ चालू होता. कुणी बुवा खालच्या आवाजात प्रवचन करत होते आणि स्पीकर घरघरत होता. लेल्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले. वाईट हसले नाहीत — पण हसले. म्हणाले, "तुमच्याच घरी हे?"

बस. एवढंच झालं. कुणी मला मारलं नाही, कुणी घराबाहेर काढलं नाही. एका भल्या माणसानं हसून एक वाक्य टाकलं, आणि मला आमचं अख्खं घर त्या चिरलेल्या कागदासारखं वाटायला लागलं.

त्यानंतर चैत्रात मी घरी गेलो ते ठरवूनच. आधी वहिनींना म्हणालो, ह्या सेटचा आवाज ऐकण्यासारखा राहिलेला नाही. त्यांना नवल वाटलं. "मला तर काय बी वंगाळ लागत न्हाई भाऊजी. बोलत्यात ते समदं कळतंय." मी म्हटलं, घरघर येते ती? त्या क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "येत असंल. आमी कुटं त्याच्या तोंडाशी बसतोय?"

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण माझ्या गुन्ह्याचं मूळ इथं आहे. त्याच संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन बसलो. मुद्दाम. वहिनी जिथून ऐकायच्या तिथून ऐकायला. चुलीत लाकूड तडतडत होतं, तवा सरकत होता, गोठ्यात बैल घंटा हलवत होते, बाहेर कुणी कुणाला हाका मारत होतं. आणि भिंतीपलीकडून बातम्या येत होत्या. मी माझा तो नावाजलेला कान लावून बसलो. घरघर ऐकू आली का? नाही. एकदाही नाही. शब्द मात्र एकूण एक कळत होता. ओसरीवर सेटला कान लावून बसलं तर दोष होता; घरात राहणाऱ्या माणसाला तो नव्हता. रोजच्या कामाधामात, धुरात, भांड्यांच्या आवाजात त्या चिरेला काही म्हणजे काही अर्थ नव्हता.

हे मला कळलं. त्याच संध्याकाळी कळलं. मी अजाण नव्हतो, गैरसमजात नव्हतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना काय सांगितलं? सांगितलं, की ही घरघर म्हणजे स्पीकर आतून जळतोय. असाच वाजत ठेवला तर कधीतरी ठिणगी पडेल आणि पेटी पेट घेईल. वर पेंढ्याचा माळा आहे.

त्या घाबरल्या. घाबरणारच. शिकलेला दीर सांगतोय, आणि तेच त्याचं काम. त्यांनी स्वतःच्या हातानं तो सेट उतरवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला, दोरीनं बांधून दिला. "नीट होऊन लवकर येऊंद्या," म्हणाल्या. "आत्याबाईंना करमायचं न्हाई." आईचं नाव पुढं केलं, स्वतःचं घेतलं नाही.

तो सेट मी पुण्यात त्याच संध्याकाळी नीट केला. पातळ कागदाची पट्टी आणि सरस. चहा निवेपर्यंत झालं काम. मग मी तो माझ्या खोलीवर नेला, एक मोठी लाकडी पेटी स्वतः बनवली, मापं काढून, आतून कापूस लावून, आणि तो स्पीकर तिच्यात बसवला. आवाज काय सांगू! खर्ज असा यायचा की जणू जमिनीतून येतोय. लेले ऐकून म्हणाले, "इथे बसत जाऊ आता." माझ्या खोलीवर! भाड्याच्या, अंधाऱ्या जिन्याच्या खोलीवर कॉलेजात शिकवणारी माणसं चपला काढून बसू लागली.

परत द्यायचा नव्हता असं मी कधी ठरवलं नाही. मी चोर आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पुढल्या खेपेस देऊ, असं वाटायचं. मग पुढली खेप यायची आणि मी मोकळ्या हातानं घरी जायचो. वहिनी माझ्या हाताकडं आधी बघायच्या, मग तोंडाकडं. मी म्हणायचो, स्पीकर जळून गेलाय, तसला आता इथं मिळत नाही, परदेशातून यायचाय. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं; मधे त्याचं वर्ष भरलं. वहिनी पौडाला पोस्टात चालत जाऊन ते भरून आल्या, कारण मी सांगितलं होतं, खाडा पडला तर दंड होतो. घरात रेडिओ नाही आणि लायसन चालू. तो लायसनचा रेडिओ मी ऐकत होतो.

पावसाळा असा गेला. चार महिने धुकं आणि पाणी, दार उघडून बाहेर बघावं तर समोरचा डोंगरही दिसत नाही. त्या दोघी त्या घरात. आई मला म्हणाली, "घर मुकं झालंय रं." मी ऐकलं. ऐकून पुण्याला गेलो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चीनशी लढाई पेटली. दादाची पलटण वर, बर्फात. पत्रं बंद झाली.

आता मला कठीण जायला लागलंय. पण मी म्हटलंय ना, थांबणार नाही.

दिवाळीला मी घरी गेलो. भाताच्या कापण्या चालल्या होत्या. आंबेमोहोराचा वास सगळ्या खोऱ्यात भरून होता. आमच्या खाचरात वहिनी आणि दोन गडी. संध्याकाळ व्हायला आली तशा वहिनींनी विळा ठेवला, हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाल्या. मी आईला विचारलं, कुठं? आई म्हणाली, "बातम्या ऐकाया." घोटावड्याच्या रस्त्याला चहाचं एक हॉटेल होतं, तिथं रेडिओ होता. वाडीवरून तासाभराची वाट, मधे ओढा. हॉटेलात बाया जात नसत. वहिनी बाहेर भिंतीला लागून उभ्या राहायच्या. आत स्टोव्हचा भर्र आवाज, कपबशा, गडीमाणसांचा गलका. आणि रेडिओ असा की माझ्या लेल्यांनी कानात बोटं घातली असती. त्यातून त्या बातम्या वेचून घ्यायच्या, आणि अंधार पडतापडता घरी येऊन आईला सांगायच्या. रोज.

मी पाडव्याला निघालो, तेव्हा त्या मला वाडीच्या वेशीपर्यंत पोचवायला आल्या. एरवी यायच्या नाहीत. तिथं थांबून म्हणाल्या, "भाऊजी, त्यो रेडू हाय तसा आणा. घरघर करू द्या."

मी म्हणालो, वहिनी, आग लागेल.

"लागू द्या. मी पाण्याची घागर जवळ घिऊन बसंन."

मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो — लढाईमुळं परदेशी माल बंद झालाय. आता लढाई संपल्याशिवाय स्पीकर यायचा नाही.

दादा ज्या लढाईत होता, त्याच लढाईचं निमित्त मी त्याच्या बायकोला सांगितलं. हे वाक्य मला आधी सुचलं नव्हतं. तिथं उभ्याउभ्या सुचलं, आणि सुचल्याबरोबर सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मग काय इलाज न्हाई." आणि मागं फिरल्या.

का आणून दिला नाही मी तेव्हा? एका दिवसाचं काम होतं. सांगतो. लढाई सुरू झाल्यापासून माझ्या खोलीवरची मंडळी वाढली होती. रोज संध्याकाळी बातम्यांना दहा-बारा माणसं. लेले म्हणायचे, आवाज इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे नाही. आणि बातम्या संपल्या की कुणीतरी हळू आवाजात विचारायचं, "भावाचं काही कळलं?" मी मान हलवून नाही म्हणायचो, आणि खोलीतली सगळी माणसं गप्प व्हायची. माझ्याकडे बघायची. एकानं खांद्यावर हात ठेवला होता. मला दादाची काळजी नव्हती का? होती. रात्री झोप लागत नव्हती, हेही खरं. पण ती शांतता, ते माझ्याकडे बघणं — ते मला आवडायला लागलं होतं. ज्याच्या काळजीनं मला तिथं मान मिळत होता, त्याचीच बायको तिकडं हॉटेलच्या भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी माहीत होत्या. आणि मी रोज संध्याकाळी खटका दाबत होतो.

मग एके दिवशी बातम्यांत एक चौकी पडल्याचं सांगितलं. माझ्या खोलीत ते स्वच्छ ऐकू आलं. त्यात दादाच्या पलटणीचं नाव नव्हतं. मी नीट ऐकलं, नव्हतं. हॉटेलबाहेर वहिनींना नीट ऐकू आलं नाही. स्टोव्ह चालू होता. त्यांना "चौकी" आणि "पडली" एवढंच कळलं. आतून एक गडी बाहेर आला, त्याला त्यांनी विचारलं. तो काही वाईट माणूस नसावा. लढाईच्या दिवसांत सगळेच काहीबाही बोलतात. तो म्हणाला, "समदी कापली म्हनत्यात. तितलं कोन वाचतंय?"

वहिनी तिथून धावत सुटल्या. तासाभराची वाट, तिन्हीसांजा, शेवाळलेला ओढा. ओढ्यातल्या दगडावर पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. तशाच उठल्या, घरी आल्या आणि आईला काहीच सांगितलं नाही — ना हाताचं, ना चौकीचं. आईनं दुसऱ्या दिवशी सुजलेला हात पाहिला, तेव्हा कुठं त्यांच्या तोंडून सगळं निघालं. वाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं फळकुटं लावून बांधला. हाड बसलं, पण वाकडं बसलं.

हे सगळं मला आईनं सांगितलं, नंतर. तोवर दादाचं पत्र आलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातचं. तो जिवंत होता, इस्पितळात होता, बर्फानं पायाची बोटं गेली होती. ते पत्र वाचून दाखवायला मला घरी बोलावलं होतं. मी वाचलं. आई रडली. वहिनी रडल्या नाहीत. त्या उठून म्हशीला पाणी दाखवायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. तेव्हा आईनं मला ओढ्याचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "घरात रेडू असता तर पोर कशाला तिकडं मरायला जाती? पर तू तरी काय करशील."

तू तरी काय करशील. आई हे मनापासून म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथं, त्या ओसरीवर, रिकाम्या फळीखाली. तोंडापर्यंत आलं का? नाही, तेही नाही. मी फक्त मनाशी हिशेब केला, की आता सेट परत आणायला हरकत नाही. लढाई थांबली होती. खोलीवरची गर्दीही ओसरली होती. लेल्यांनी स्वतःसाठी नवा सेट घेतला होता. म्हणजे मी परत दिला तो पश्चात्तापानं नव्हे. मला त्याची गरज उरली नव्हती.

दादा काठी टेकत घरी आला त्याच्या आधी आठवडाभर मी सेट घेऊन गेलो. जुन्या पेटीत पुन्हा बसवलेला. सांगितलं, की खूप खटपट केली, मुंबईहून माणूस गाठला, तेव्हा कुठं स्पीकर मिळाला. हे खोटं पुढं माझ्याहून जास्त वहिनींनीच सांगितलं. घरी येईल त्याला, दादाला, नंतर झालेल्या मुलांना, सुनांना. "लढाईच्या दिसांत भाऊजींनी कुटून कुटून हिंडून आणला, म्हनून आज वाजतोय." त्या वाकड्या हाताविषयी कुणी विचारलं तर एवढंच म्हणायच्या, "ओढ्यात पडले." दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी समोर बसलेला असायचो. वर्षानुवर्षं. एकदाही तोंडातून "वहिनी, थांबा" असं निघालं नाही. दादाचं आजारपण झालं, तो गेला. तेराव्याला सगळे जमले होते, तेव्हाही त्यांनी पाहुण्यांना तेच सांगितलं, आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता फक्त सेट परत नेला त्या दिवसाचं सांगायचं राहिलंय. हेच सांगायला मला इतकी वर्षं जड गेलं. हात मोडल्याचं नव्हे.

मी फळीवर सेट ठेवला, बॅटरी जोडली, लावला. दुपारची वेळ होती. कुणीतरी भरदार आवाजात काही वाचत होतं. आवाज सुरेख येत होता. चिरेचा मागमूस नव्हता. वहिनी आतून ताट वाढून घेऊन आल्या. माझ्यासाठी मुद्दाम नव्या तांदळाचा भात, त्यावर तूप. उजव्या हातात जोर नव्हता म्हणून ताट डाव्या हातावर तोलून आणलं होतं. त्या थांबल्या, थोडं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

मी विचारलं, "कसा वाटतो आवाज?"

त्या म्हणाल्या, "पयल्यासारखाच हाय."

आणि मला राग आला. खरं सांगतो — राग आला. मी म्हणालो, असं कसं म्हणता? आधी घरघर होती. आता नाही. नीट ऐका. त्यांनी ऐकलं. मी पुन्हा विचारलं, आता कळला फरक? त्या गोंधळल्या. माझ्या तोंडाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "व्हय. तुमी म्हनताय तर असंल की."

मी म्हणालो, असेल नाही, आहे.

"हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ताट माझ्यापुढं ठेवलं. मी हात धुतले आणि जेवलो. भात चांगला झाला होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि त्यांनी तो डाव्या हातानं वाढला.